शुश्रूषेचे माप



या व्यासपीठावरून मी पूर्वी दोनदा बोललो आहे. एकदा बोनसवर आणि एकदा कंत्राटी कामगारांवर. दोन्ही वेळा मी काय बोलणार हे आपल्याला घरून निघतानाच ठाऊक होते, आणि तरीही आपण आलात, हा आपला मोठेपणा. यंदा चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘शुश्रूषेचे माप’ असे कळवले. लगेच त्यांचा फोन आला. म्हणाले, “अण्णा, हा विषय डॉक्टरांचा. आपण यात कुठे पडता?” मी म्हटले, डॉक्टरांना बोलवाल तर ते शस्त्रक्रियेवर बोलतील, आणि उत्तम बोलतील. शस्त्रक्रिया तीन-चार तासांची असते. मला त्यानंतरच्या वीस वर्षांवर बोलायचे आहे, आणि त्या वीस वर्षांचा पाया इस्पितळातल्या आठ-दहा दिवसांत एखादी परिचारिका घालते, किंवा तिला तो घालता येत नाही.

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. सतराव्या वर्षी लेथवर हेल्पर म्हणून लागलो. इंग्रजी शिकलो ते करारनामे वाचता यावेत म्हणून, नगरवाचनालयात शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा वैद्यकातले काही चुकले तर समोर डॉक्टर मंडळी बसली आहेत, त्यांनी मला सभेनंतर जरूर गाठावे. मोजमापाच्या बाबतीत मात्र मी सहजासहजी ऐकून घेणार नाही. मोजून घेण्यात आणि मोजणाऱ्याशी भांडण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत.

विषय जरा संकोचाचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांची जेवणे अजून व्हायची आहेत, त्यांची मी आधीच क्षमा मागतो. गुदाशयाचा किंवा आतड्याचा कर्करोग, क्षयाने आतड्यात आलेला अडथळा, आतड्याला पडलेले छिद्र, अपघात, जन्मजात दोष, अशा कारणांनी काही माणसांचा शौचाचा नेहमीचा मार्ग बंद करावा लागतो. मग शल्यवैद्य आतड्याचा एक भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून तेथे नवे तोंड करतात. मोठ्या आतड्याचे असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचे असेल तर इलिओस्टोमी, आणि लघवीसाठी केले तर युरोस्टोमी. काहींचे हे तोंड थोड्या महिन्यांनी बंद करून आतडे पुन्हा जोडतात. काहींचे ते जन्माचे सोबती. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ तोंड असाच आहे. आपल्याकडचे रुग्ण त्या शब्दाच्या वाटेला जात नाहीत. ते सरळ ‘पिशवी’ म्हणतात, कारण त्या तोंडावर पिशवी चिकटवावी लागते. “त्यांना पिशवी लावली आहे” हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी हलक्या आवाजात ऐकलेले असेल. मीही पिशवीच म्हणेन, फक्त हलक्या आवाजात म्हणणार नाही.

या स्टोमाची गंमत अशी की त्याला हात लावला तरी दुखत नाही. ओठाच्या आतल्या बाजूसारखा तो लाल आणि ओलसर असतो. पण त्याला आवरून धरणारा स्नायूही नाही. केव्हा यायचे ते आतडे ठरवते. माणूस ठरवू शकत नाही. आणि जे येते ते पिशवीत न जाता बाजूने झिरपले तर स्टोमाला काही वाटत नाही, भोवतालच्या कातडीला मात्र सारे कळते. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचक रस असतात. ते कातडीलाही अन्न समजूनच वागतात. म्हणून या सगळ्या शास्त्राचा जीव एका साध्या गोष्टीत आहे: पिशवीची चकती कातडीला नीट बसली आहे की नाही.

आमच्या युनियनमध्ये एक टर्नर आहे. त्याचे नाव सांगणार नाही, टर्नरच म्हणेन. तो या सभेत बसला आहे की नाही हेही सांगणार नाही. त्याने मला हे बोलायची परवानगी दिली ती एका अटीवर. म्हणाला, “अण्णा, लोकांना माझी दया येईल असे बोलू नका, आणि आकडे चुकवू नका.”

२०१९ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्याला गुदाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, कायमची कोलोस्टोमी झाली. आज पाच वर्षे उलटून गेली, रोग परतलेला नाही. त्या शल्यवैद्यांच्या हाताला मी नमस्कार करतो. नवव्या दिवशी तो घरी आला. घरी सोडतानाच्या कागदावर दोन वाक्ये होती: प्रकृती समाधानकारक, पिशवीची काळजी समजावून सांगितली.

त्या दुसऱ्या वाक्याची हकिकत ऐका. समजावून सांगितले ते टर्नरला नव्हे, त्याच्या बायकोला. उभ्या उभ्या, पाच मिनिटांत, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे चार नातेवाईक बघत असताना. सिस्टरने एक गोल कापलेला पुठ्ठा वहिनींच्या हातात दिला आणि सांगितले, “चकतीचे भोक या मापाने कापत जा.” वहिनींनी तो पुठ्ठा देवघरात ठेवला. पुढचे दोन महिने, दर वेळी, त्या अगदी त्या मापाने भोक कापत होत्या.

पिशवी गळू लागली. आधी दिवसाकाठी एकदा, मग दोनदा, मग तीनदा. तिसऱ्या आठवड्यात भोवतालची कातडी सोलून निघाली. कातडी ओली झाली की चकती चिकटत नाही, चकती चिकटली नाही की गळते, आणि गळले की कातडी आणखी ओली होते. या चक्रातून तो माणूस फिरत होता. एकेका पिशवीची किंमत आणि त्याची बिनपगारी रजा यांचा हिशेब आपणच करा. त्याने दुपारचे जेवण सोडले. रात्री खुर्चीत बसून झोपू लागला. मुलीच्या साखरपुड्याला आतल्या खोलीत बसून राहिला. मी भेटायला गेलो तर दाराशीच उभा राहून बोलला आणि मला आत बोलावले नाही. मला राग आला होता, हेही सांगून टाकतो. कशामुळे, ते मी विचारले नाही.

गळते ही तक्रार त्याने कोणाकडेच केली नाही. त्याची समजूत अशी की पिशवी म्हटली की असेच असायचे.

आठव्या आठवड्यात त्याने एक गोष्ट केली, जी टर्नरलाच सुचावी. पेटीतून व्हर्निअर काढला, स्पिरिटने पुसला आणि आरशासमोर उभा राहून स्वतःच्या स्टोमाचे माप घेतले. एका बाजूने ३२ मिलिमीटर भरले, दुसऱ्या बाजूने ३०. मग देवघरातला पुठ्ठा आणून मोजला. तो ४५ मिलिमीटर होता.

त्याने मला फोन करून पहिले वाक्य उच्चारले ते हे: “अण्णा, शाफ्ट बत्तीसचा आणि बुश पंचेचाळीसचा. गळणार नाही तर काय होईल?”

शस्त्रक्रियेनंतर स्टोमाला सूज असते. पहिले सहा ते आठ आठवडे तो आकसत जातो. म्हणून त्या काळात दर वेळी नव्याने मापायचा असतो, आणि चकतीचे भोक त्या मापाहून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठे ठेवायचे असते. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. त्यासाठी वेगवेगळ्या मापांच्या भोकांचे एक पुठ्ठ्याचे गेज मिळते. टर्नरच्या पिशव्यांच्या खोक्यात ते होते. त्यावरचा मजकूर इंग्रजी होता. घरातल्यांनी ते पॅकिंग समजून बाजूला टाकले होते. ज्या माणसाने आयुष्यभर गेज लावून नग काढले, त्याच्या घरात गेज होते आणि ते गेज आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी पहिला विचार सुचतो तो मोर्चाचा. मी तणतणत त्या इस्पितळात गेलो. इस्पितळाचे नाव घेणार नाही, कारण नाव घेतले की बाकीची इस्पितळे निश्चिंत होतात. ती सिस्टर भेटली. तिने माझे सगळे ऐकून घेतले आणि वॉर्डचे रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवले. बेचाळीस खाटांचा वॉर्ड. दिवसा दोघी, रात्री एक. भारतीय परिचर्या परिषदेचे मानक साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. हे मी तिला सांगितले तेव्हा ती हसली, आणि मला माझेच बोलणे पोरकट वाटले. मग तिने रजिस्टरातल्या एका रकान्यावर बोट ठेवले. “दादा, इथे लिहिलंय, ‘पिशवी बदलली’. मी बदलली की खूण करते. पिशवी बदलायला शिकवली, असा रकाना नाही. माप पुन्हा घेतले, असा रकाना नाही. रकाना नाही त्या कामाला वेळही मिळत नाही.”

मी परत आलो तो मोर्चाचा विचार सोडूनच. आणि मला रात्रभर तो रकाना दिसत राहिला.

आता असे पहा. ज्या वॉर्डात पिशव्या वारंवार गळतात, त्या वॉर्डात ‘पिशवी बदलली’च्या खुणा पुष्कळ होणार. ज्या वॉर्डात सिस्टरने माप नीट घेतले, कातडी कोरडी केली, चकती चांगली दाबून बसवली, तेथे तीच चकती तीन-चार दिवस टिकणार आणि खुणा थोड्या होणार. वर्षाअखेरीस साहेब रजिस्टर चाळतील तेव्हा त्यांना पहिल्या वॉर्डात काम जास्त दिसेल. आमच्या कारखान्यात याला एक साधे नाव आहे: नग मोजले, रिजेक्शन मोजले नाही.

तेव्हापासून मी वाचू लागलो, आणि जे वाचले त्यातले थोडे सांगतो. शुश्रूषा मोजायची कल्पना नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंच्या हातातला दिवा आपल्याला शाळेतल्या धड्यापासून माहीत आहे. त्यांच्या दुसऱ्या हातात तक्ता होता, ते धड्यात नव्हते. १८५४ साली त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, आणि परत आल्यावर त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले की शिपाई जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

दुसरे नाव आपण बहुधा ऐकले नसेल. एव्हेडिस डोनाबेडियन. १९१९ साली बैरूतमध्ये जन्मलेले हे आर्मेनियन डॉक्टर पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९६६ साली त्यांनी एक लेख लिहिला, आणि वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन ठिकाणी पाहावा असे सांगितले. रचना, प्रक्रिया आणि परिणाम. साधने कोणती होती, काम कसे केले, आणि माणसाचे शेवटी काय झाले. हे वाचताना मला वाटले, हा गृहस्थ एखाद्या मशीन शॉपमध्ये राहून आलेला असावा. यंत्र कसे आहे, कारागीर कसे चालवतो, आणि नग कसा निघतो, असेच तर आपण विचारतो. यातले एकच मोजले तर फसगत होते. उत्तम यंत्रावर रद्दी माल निघतो हे मी पाहिले आहे. आणि मोडक्या लेथवर एखादा जुना कारागीर असा माल काढतो की मालकाला नवा लेथ घ्यायची गरजच वाटत नाही. परिचारिकांच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट आपल्या देशात फार चालते.

टर्नरचे प्रकरण या तिन्हींत घालून पाहू. रचना म्हणजे या कामाचे शिक्षण घेतलेली एकतरी परिचारिका तेथे होती का? नव्हती. पडदा ओढून शिकवायला जागा होती का? नव्हती. प्रक्रियेबद्दल मला थोडे सविस्तर बोलू द्या, कारण सारे दुःख तेथे आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी, रुग्ण शुद्धीवर आणि हिंडता-फिरता असताना, स्टोमा कोठे यावा त्या जागी पोटावर शाईने खूण करायची असते. हे काम शिकलेली परिचारिका करते. रुग्णाला निजवून, बसवून, उभे करून, वाकवून पाहायचे. पोटाला वळी कोठे पडते, जुना व्रण कोठे आहे, हाड कोठे लागते, पट्टा कोठे येतो. जागा पोटाच्या सरळ स्नायूवर हवी आणि रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी हवी. सुटलेल्या पोटाखाली केलेला स्टोमा त्याचा त्यालाच दिसत नाही. अमेरिकेतील शल्यवैद्यांच्या आणि या कामातील परिचारिकांच्या संस्थांनी २००७ साली एकत्र बसून या खुणेचे निवेदन काढले. आधी खूण केलेल्यांना पुढे त्रास कमी होतो, हे अनेक देशांत पाहिले गेले आहे. आपल्याकडे तर पाहण्यासारख्या गोष्टी आणखी आहेत. बाई असेल तर परकराची नाडी कोठे बांधते? शेतकरी असेल तर धोतराचा कासोटा कोठे आवळतो? मांडी घालून बसले, उकिडवे बसले, की पोट कसे दुमडते? विलायती पुस्तकात खुर्चीत बसवून पाहा असे लिहिले आहे. आमची माणसे जमिनीवर बसतात, आणि खरे माप तेथे मिळते.

टर्नरच्या पोटावर खूण कोणी केली नव्हती. त्याचा स्टोमा बरोबर पट्ट्याच्या रेषेत आला होता. पट्टा बांधला की चकतीची वरची कड उचलली जाई. म्हणजे भोकाचे माप चुकलेले, आणि जागाही चुकलेली.

पुढे त्याला मुंबईला टाटा रुग्णालयात शिक्षण घेतलेल्या एका सिस्टरकडे नेले. तिने त्याला चाळीस मिनिटे दिली. मी घड्याळ लावले होते. सवय जात नाही. तिने त्याला बसवले, वाकवले, लेथवर उभा राहतोस तसा उभा राहा म्हणाली, मोटारसायकलवर बसतोस तसा बस म्हणाली. कातडी पाहिली, माप घेतले, फुगीर पाठीची चकती दिली, आणि पट्टा सोडून गॅलिस लाव असे सांगितले. आमचा टर्नर तेव्हापासून आजोबांसारखे गॅलिस लावून कामावर येतो. वजन उचलण्याबद्दलही तिने बजावले, कारण स्टोमाच्या बाजूने हर्निया होण्याची भीती असते. मग तिने वहिनींना बाहेर बसवले आणि त्याच्याकडून, त्याच्या हाताने, पिशवी दोनदा बदलून घेतली. दुसऱ्या वेळी ती एक शब्दही बोलली नाही. नुसती पाहत राहिली. तीन आठवड्यांत कातडी भरून आली. चकती चौथ्या दिवसापर्यंत टिकू लागली.

या चाळीस मिनिटांना कोणत्याही रजिस्टरात रकाना नव्हता. तिच्याकडेही नव्हता, मी विचारले.

या विद्येची सुरुवात कोणी केली ते थोडक्यात सांगतो, कारण ते मला फार आवडले. १९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिझ सोरेन्सन नावाच्या परिचारिकेच्या बहिणीला कोलोस्टोमी झाली. गळेल या भीतीने बहीण घराबाहेर पडेना. त्या काळी रबराची किंवा धातूची जड साधने पट्ट्याने बांधत. सोरेन्सनबाईंनी प्लास्टिकची पिशवी आणि तिला चिकटणारे कडे अशी कल्पना काढली. आणि त्याच साली अमेरिकेत ओहायो प्रांतात नॉर्मा गिल नावाच्या बाईंवर रूपर्ट टर्नबुल या शल्यवैद्यांनी इलिओस्टोमी केली. बाई बऱ्या झाल्यावर दुसऱ्या रुग्णांना शिकवू लागल्या. १९५८ साली टर्नबुलांनी त्यांना क्लीव्हलँडच्या रुग्णालयात याच कामावर नेमले, आणि १९६१ साली दोघांनी मिळून या शुश्रूषेची शाळा काढली. गिलबाई परिचारिका नव्हत्या. ज्याच्या पोटावर पिशवी आहे त्याला त्या कामाचा पहिला गुरू मानले, ही गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाला कशी वाटेल ते सांगायला नको. पुढे १९९३ साली जगभरच्या अशा रुग्णांच्या संघटनेने हक्कांची सनदच काढली. शस्त्रक्रियेपूर्वी सल्ला, योग्य जागी नीट केलेला स्टोमा, जाणत्या परिचारिकेची शुश्रूषा, हे त्यात हक्क म्हणून लिहिले आहे. सनद म्हटली की आमचे कान टवकारतात. आम्ही तिला मागणीपत्र म्हणतो.

राहिला परिणाम. तो मोजायची साधनेही आता निघाली आहेत. कातडीसाठी एक गुणपत्रक आहे: रंग बदलला का, कातडी सोलली का, जादा मांस वाढले का, या तीन गोष्टी पाहायच्या, प्रत्येकीत भाग किती व्यापला याला शून्य ते तीन आणि तीव्रतेला शून्य ते दोन गुण, एकूण पंधरा. शाळेतल्या उलट, येथे शून्य मिळवणारा पहिला. मनःस्थितीसाठी २००५ साली युरोपात वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. झोप, वास येण्याची भीती, लोकांत मिसळणे, असे त्यात विचारलेले असते. चांगली आहे. तिचे नुसते भाषांतर करून भागणार नाही एवढेच माझे म्हणणे. पंगतीला मांडी घालून बसता का? देवळात जाता का, की स्वतःला विटाळलेले समजून बाहेर थांबता? एसटीने तीन तासांचा प्रवास करता का? हे आपले प्रश्न आपल्यालाच घालावे लागतील.

आता माझ्या स्वभावाप्रमाणे थोडे उलट बोलतो. मोजा, मोजा, असे ओरडणाऱ्यांपासून मी सावध असतो. टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनियराने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाचे पुस्तक लिहिले, आणि तेव्हापासून स्टॉपवॉच आमच्या मागे आहे. मला आठवते, एका कारखान्याच्या फाटकावर पाटी असे: आज इतके दिवस अपघात नाही. पाटीवरचा आकडा वाढला की सुपरवायझरला बक्षीस. तेथे एकाचे बोट कापले गेले तर त्याला घरी पाठवीत नसत. हाताला पट्टी बांधून टाइम ऑफिसात बसवून ठेवीत, म्हणजे तो हजर आणि अपघात नाही. पाटी स्वच्छ राहिली. शुश्रूषेचे माप सिस्टरचा पगार कापण्यासाठी घेऊ लागलात तर तेच होईल. सोललेल्या कातडीची नोंदच होणार नाही.

आणि मोजताना न्याय पाहिजे. मध्यरात्री आतडे फुटलेला रुग्ण आला तर खूण करायला उसंत कोठली? अशा रुग्णांचा भरणा असलेल्या सरकारी इस्पितळाचे आकडे, ठरवून शस्त्रक्रिया करणाऱ्या खासगी इस्पितळाच्या शेजारी मांडले, तर सरकारी वाईटच दिसणार. तातडीचे वेगळे मोजा, ठरवून केलेले वेगळे मोजा. इलिओस्टोमी वेगळी धरा. तिच्यातून दिवसाला दीड-दोन लिटरवर पाणी जाऊ लागले तर माणूस सुकतो आणि पुन्हा भरती होतो, म्हणून तेथे अशा परतीच्या भरतीची मोजदाद हवी.

सर्वांत मोठी चूक मात्र निराळीच आहे. टर्नरला घरी सोडले त्या दिवशी त्याची कातडी उत्तम होती. त्या दिवशी गुण दिले असते तर शून्य, म्हणजे पहिला नंबर. तिसऱ्या आठवड्यात तो सोलला गेला, आणि तेव्हा तो कोणाच्या कागदावर नव्हता. तपासणीला परत आला नाही, म्हणून त्या इस्पितळाच्या लेखी तो बरा झालेला. जो परत येत नाही तो सुखी आहे असे धरले, तर दाराशी उभा राहून बोलणारी आणि कोणाला आत न बोलावणारी सगळी माणसे सुखी ठरतात. म्हणून तीस दिवसांनी, आणि पुन्हा सहा महिन्यांनी, कोणीतरी विचारले पाहिजे. आणि जितक्यांना विचारायचे होते त्यांपैकी कितीजण सापडले, तो आकडाही छापला पाहिजे. आपल्या गावच्या इस्पितळाचा वार्षिक अहवाल मी आणून पाहिला. शस्त्रक्रिया किती झाल्या ते त्यात आहे. त्यांपैकी किती रुग्ण स्वतःच्या हाताने पिशवी बदलून मगच घरी गेले, एवढा एक आकडा पुढच्या अहवालात यावा, असे पत्र मी दिले आहे. आपल्यापैकी ज्यांना सही करायची असेल त्यांच्यासाठी कागद मागे टेबलावर आहे.

घड्याळ पाहतो तर अध्यक्ष महाराजांचा हात घंटीकडे गेला आहे. एक गोष्ट राहिली आहे, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण सांगणे जड जाते.

टर्नर पाच महिन्यांनी कामावर रुजू झाला. तीन महिने ओळीने त्याचा उत्पादकता भत्ता कापला गेला. २०१७ च्या करारात एक कलम होते: पाळीत जागेवरून दहा मिनिटांहून अधिक दूर राहिल्यास तो वेळ भत्त्यातून वजा. पिशवी रिकामी करायची तर तिसरा हिस्सा किंवा फार तर अर्धी भरली की करावी लागते, आणि आमच्या शॉपमधल्या शौचकुपात पाणी बाहेरच्या नळावरून आणावे लागे, दाराला कडी नव्हती, सामान टांगायला खुंटी नव्हती. दहा मिनिटांत कोणाचे उरकावे? तो माझ्याकडे पगाराची चिठ्ठी घेऊन आला. बोलला काही नाही. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि गॅलिसमध्ये अंगठे घालून उभा राहिला.

त्या करारावर युनियनतर्फे सही माझी होती. पगारवाढीच्या आकड्यावर मी इतका खूश होतो की त्या कलमाला मी किरकोळ म्हटले होते. सभेत, माईकवरून, टाळ्या घेऊन. मी सिस्टरच्या रजिस्टरातला रकाना पाहायला गेलो होतो, आणि माझ्या स्वतःच्या करारातला रकाना मला दिसला नव्हता.

यंदाच्या मागणीपत्रात आम्ही चार गोष्टी घातल्या आहेत. कडी, खुंटी, आत नळ, आणि वैद्यकीय कारणासाठी लागणारा वेळ वजा न करणे. कडी आणि खुंटी कंपनीने मान्य केली. खुंटी तर लागलीसुद्धा, टर्नरनेच स्वतः लेथवर काढून दिली. नळाचा अंदाजखर्च मागवला आहे. वेळेच्या मुद्द्यावर ते अजून नाही म्हणतात. पुढची बैठक गुरुवारी आहे, आणि या वेळी टेबलावर माझ्या शेजारी टर्नर बसणार आहे.